गोल्फ कोर्सवरचं ३५ एकर गवत उपटलं आणि वर्षाला १५ कोटी लिटर पाणी वाचलं, गोष्ट पाइनहर्स्टची

गोल्फ म्हणलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांबच लांब हिरवंगार गवत, मधेच एखादं तळं, पांढऱ्या टोप्या घातलेले साहेबलोक आणि त्यांच्या मागून जाणारी बॅटरीवरची गाडी. त्यातली हिरवळ तर अशी की जणू कुणी गालिचाच अंथरलाय.

पण अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या क्लबने २०१० मध्ये नेमकं उलटं काम हाती घेतलं. आपल्या सगळ्यात प्रसिद्ध मैदानावरचं गवत त्यांनी उपटायला सुरवात केली. थोडंथोडकं नाही, सुमारे ३५ एकर. आणि गवत काढून तिथं काय आणलं? तर वाळू, पाइनच्या झाडांच्या वाळलेल्या सुया आणि रानात उगवणारं झुपकेदार गवत.

बरं, चार वर्षांवर अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्पर्धा, यूएस ओपन, याच मैदानावर होणार होती. म्हणजे दारात मांडव पडायचाय आणि घरमालक भिंतीचा रंग खरवडतोय, असला प्रकार.

क्लबचं नाव पाइनहर्स्ट. त्यांनी हे का केलं, त्याचं पुढं काय झालं आणि गोल्फ कोर्स सांभाळणं म्हणजे नेमकं काय असतं, हे नीट बघू.

एकरी एक डॉलरची पडीक जमीन

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात सँडहिल्स नावाचा भाग आहे. नावातच वाळू आहे आणि जमीनही तशीच. कधीकाळी इथं लांब सुयांच्या पाइनची दाट जंगलं होती. लाकूड आणि टर्पेंटाइनसाठी ती तोडली गेली आणि मागे उरली उघडी, रेताड जमीन.

१८९५ मध्ये बोस्टनच्या जेम्स वॉकर टफ्ट्स यांनी इथली पाच हजार एकरांहून जास्त जमीन विकत घेतली. सोडा फाउंटनच्या धंद्यात त्यांनी चांगला पैसा कमावला होता. जमिनीचा भाव होता एकरी साधारण एक डॉलर. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळलेल्या लोकांसाठी हवापालटाचं ठिकाण उभं करायचं, असा त्यांचा विचार होता. पुढं पाहुण्यांच्या करमणुकीसाठी गोल्फ आला आणि बघता बघता गावाची ओळखच गोल्फ झाली.

१९०० मध्ये स्कॉटलंडच्या डॉर्नॉक गावातून आलेले डोनाल्ड रॉस इथं कामाला लागले. त्यांनी आखलेला ‘नंबर टू’ हा कोर्स १९०७ मध्ये खुला झाला. रॉस यांनी नंतर अमेरिकेत शेकडो कोर्स केले, पण नंबर टूला त्यांनी कधी अंतर दिलं नाही. या कोर्सच्या कडेलाच त्यांचं घर होतं. १९४८ मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत ते या मैदानात काही ना काही दुरुस्त्या करतच राहिले.

आता गंमत बघा. गोल्फमध्ये ज्या जागी होल असतो त्या भागाला ‘ग्रीन’ म्हणतात. पण पाइनहर्स्टची ग्रीन्स १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हिरवी नव्हतीच. ती वाळू आणि मातीची होती, कारण त्या हवेत बारीक गवत टिकवायचं कसं हेच तेव्हा जमत नव्हतं.

मग सगळं हिरवं झालं कधी?

रॉस यांच्या काळात पाणी देण्याची सोय अगदी साधी होती. फेअरवेच्या, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध पाण्याची एकच पाइपलाइन. त्या लाइनीचं पाणी पोचायचं तिथं गवत हिरवं, तिथून दूर जाल तसं पिवळं आणि त्याच्या पलीकडं नुसती वाळू नि रानगवत. मैदानाची कड कुणी आखलेली नव्हती, ती पाण्यानेच ठरवलेली होती.

१९७० च्या अखेरीस टफ्ट्स कुटुंबाने हा सगळा पसारा विकला. नवे मालक आले, नवा विचार आला. तोपर्यंत रंगीत टीव्ही घराघरांत पोचलेला होता आणि पडद्यावर गोल्फ कोर्स हिरवागार दिसला पाहिजे, अशी सगळीकडेच समजूत झाली होती. वाळूच्या मोकळ्या जागा गवताखाली गेल्या. एका लाइनीच्या जागी पाण्याच्या फवाऱ्यांचं जाळं आलं. मालक पुढं पुन्हा बदलले, पण हिरवळ वाढतच गेली.

२०१० पर्यंत नंबर टूवर अकराशेच्या वर फवारे होते. वर्षाला साधारण साडेपाच कोटी गॅलन पाणी लागत होतं. आपल्या हिशोबात सांगायचं तर जवळपास २१ कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर वर्षाला २१ हजार टँकर. एका अठरा होलच्या मैदानासाठी.

गवत सांभाळायचं म्हणजे करायचं काय?

इथं थोडं थांबून गोल्फ कोर्सचं रोजचं काम समजून घ्यायला हवं. त्याशिवाय पाइनहर्स्टने घेतलेला निर्णय किती धाडसाचा होता ते कळत नाही.

बघणाऱ्याला सगळं गवत सारखंच दिसतं. पण साध्या कोर्सवर त्याचे निदान तीन प्रकार असतात. ग्रीनवरचं गवत अगदी बारीक, साधारण ३ मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी उंचीचं. फेअरवेवरचं त्याहून उंच. आणि दोन्ही कडांना ‘रफ’, म्हणजे मुद्दाम वाढू दिलेलं गवत. चेंडू भरकटला की त्यात अडकावा, ही त्यामागची कल्पना.

घराच्या अंगणातली हिरवळ चार-पाच सेंटिमीटरवर कापतात. इथं तीन मिलिमीटर. गवताची पात जितकी तोकडी तितकं त्याला अन्न कमी मिळतं, मुळं वर राहतात आणि रोग लवकर धरतो. म्हणजे ग्रीनवरचं गवत कायम अतिदक्षता विभागात असतं म्हणा ना. म्हणून त्याची रोज पहाटे कापणी, मोजून पाणी आणि रोज तपासणी.

त्याच्यावर माणसं चालतात, यंत्रं फिरतात, त्यामुळं माती दबते. दबलेल्या मातीत हवा नाही, पाणी मुरत नाही. म्हणून वर्षातून काही वेळा ग्रीनला हजारो छोटी भोकं पाडतात आणि त्यात वाळू भरतात. त्या दिवसांत मैदान पुरळ उठल्यासारखं दिसतं, खेळणारे वैतागतात, पण हे केलं नाही तर पुढच्या उन्हाळ्यात गवतच जायचं. आपल्याकडं शेतकरी जमिनीत वाफसा यायची वाट बघतो, त्यातलंच हे शास्त्र. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

पाइनहर्स्टची ग्रीन्स मधे फुगीर आणि कडांना उतरती आहेत, उलटी ठेवलेल्या बशीसारखी. चेंडू जरा चुकीच्या जागी पडला की घरंगळत खाली. वर्षानुवर्षं वाळूचे थर देत गेल्याने हा फुगवटा वाढत गेला, असं मानणारेही बरेच आहेत.

ग्रीनवर चेंडू किती वेगानं पळतो हे मोजायचं एक साधं साधन आहे, स्टिम्पमीटर. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या हौशी गोल्फरला १९३५ ची यूएस ओपन बघताना ही कल्पना सुचली. पन्हाळीसारखी एक पट्टी असते. तिच्यावर चेंडू ठेवून एक टोक हळूहळू उचलायचं. ठराविक उतार आला की चेंडू सुटतो आणि तो सपाट ग्रीनवर जितके फूट जाईल तो त्या ग्रीनचा वेग. इतक्या साध्या साधनावर आज मोठमोठ्या स्पर्धांची तयारी चालते.

उपटायचा निर्णय

पाइनहर्स्ट नंबर टूवर १९९९ ची यूएस ओपन झाली. शेवटच्या होलवर पंधरा फुटांचा पट घालून पेन स्टुअर्ट एका फटक्याने जिंकले. काही महिन्यांतच विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि तो क्षण गोल्फवाल्यांच्या मनात कायमचा कोरला गेला. २००५ मध्ये स्पर्धा पुन्हा इथंच झाली. म्हणजे मैदानाचं नाव मोठंच होतं. कुणी काही तक्रार केल्यामुळं ते बदलायची वेळ आली, असं अजिबात नव्हतं.

तरी जुन्या जाणकारांना एक गोष्ट खटकत होती. हे मैदान आता इतर कुठल्याही मैदानासारखं दिसायला लागलं होतं. हिरवा पट्टा, दोन्हीकडं हिरवा रफ, पुन्हा हिरवा पट्टा. रॉस यांनी वाळूच्या टेकाडांवर उभा केलेला खेळ गवताखाली हरवला होता.

क्लबने बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला बोलावलं. क्रेनशॉ हे दोन वेळा मास्टर्स जिंकलेले खेळाडू, तर कूर नॉर्थ कॅरोलिनातलेच. तरुणपणी ते याच मैदानावर खेळलेले, त्यामुळं ते आधी कसं होतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पण आठवणीवर काम कसं करणार? मदतीला आला १९४३ मध्ये विमानातून काढलेला एक फोटो. त्यात प्रत्येक फेअरवेची रुंदी आणि वळण दिसत होतं. दुसरा पुरावा जमिनीतच होता. पाण्याची ती जुनी मधली लाइन. पाइप जिथून गेला तो फेअरवेचा मध्य. त्याच्यावरून दोन्हीकडं मोजलं की रॉस यांचं मैदान पुन्हा कागदावर येतं.

मग काम सुरू झालं. रफ गेला. त्याच्या जागी वाळू उघडी केली आणि रानगवताची सुमारे दोन लाख रोपं लावली. फवारे साडेचारशेच्या आसपास उरले. गवताच्या उंचीही दोनच ठेवल्या. एक ग्रीनची आणि एक बाकी सगळ्याची. २०११ मध्ये मैदान पुन्हा सुरू झालं.

पाण्याचा वापर साडेपाच कोटी गॅलनवरून दीड कोटी गॅलनच्या आसपास आला. लिटरमध्ये सांगायचं तर २१ कोटींवरून पावणेसहा कोटींच्या आत. म्हणजे वर्षाला सुमारे १५ कोटी लिटरची बचत, १५ हजार टँकर.

टीका झाली का? झाली की

२०१४ मध्ये जगाने हे मैदान टीव्हीवर पाहिलं. कडांना तपकिरी गवत, मधे वाळू, जागोजागी रानटी झुपके. अनेकांना वाटलं मैदान मेलं. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा राष्ट्राध्यक्ष नव्हते, पण गोल्फ कोर्सचे मालक होते. त्यांनी ट्विटरवर या मैदानाच्या दिसण्यावर जाहीर नाराजी काढली.

दुसरीकडं खेळ मात्र रंगला. जर्मनीचा मार्टिन कायमर आठ फटक्यांच्या फरकाने जिंकला. लगेच पुढच्या आठवड्यात त्याच मैदानावर महिलांची यूएस ओपन झाली आणि मिशेल वी विजेती ठरली. पुरुष आणि महिलांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत एकाच मैदानावर होण्याची ही पहिलीच वेळ.

विचार केला तर ही चाल साधी आहे. रफमध्ये चेंडू गेला की खेळाडूला पर्याय एकच, जोर लावून बाहेर काढा. वाळू आणि रानगवतात मात्र दर वेळी वेगळं कोडं असतं. चेंडू कधी मोकळ्या वाळूत छान बसलेला मिळतो, तर कधी झुपक्याच्या बुडाशी अडकलेला. नशीब, अंदाज आणि डोकं, तिन्ही लागतात.

याचं सगळ्यात भारी उदाहरण २०२४ मध्ये दिसलं. शेवटच्या दिवशी रॉरी मॅकिलरॉयने अठराव्या होलवर चार फुटांच्या आतला पट घालवला. मागून येणाऱ्या ब्रायसन डिशँबोचा चेंडू तिथंच डावीकडच्या रानात गेला, झाडाच्या फांदीखाली. तिथून त्याने तो कसाबसा काढला तर पुढं बंकरमध्ये. मग जवळपास ५० मीटरवरून वाळूतला फटका थेट होलच्या चार फुटांवर आणि पट आत. एका फटक्याने स्पर्धा खिशात. जिथं चेंडू गेला ती जागा २०१० च्या आधीसारखी गवताने भरलेली असती तर हा शेवट असा झाला नसता.

दूर्वांची एंट्री

आता यातला आपल्या ओळखीचा भाग. २०१४ च्या दोन्ही स्पर्धा संपल्या आणि क्लबने लगेच ग्रीनवरचं गवतही बदललं. आधी तिथं बेंटग्रास होतं. हे थंड हवेतलं गवत. नॉर्थ कॅरोलिनाच्या उन्हाळ्यात त्याला जगवायचं म्हणजे दिवसातून अनेकदा पाणी शिंपडा, बुरशीची औषधं मारा.

त्याच्या जागी लावलं बर्म्युडा गवताचं एक अतिबुटकं वाण. बर्म्युडा म्हणजे कोण? शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. आपली हरळी. म्हणजेच गणपतीला वाहतात त्या दूर्वा! मैदानांवरची वाणं संकरित असतात, पण घराणं हेच. आपल्याकडचा शेतकरी जिला खणून खणून थकतो, पण जी उन्हात करपून एका पावसात पुन्हा उभी राहते, ती हीच. तिचा हा चिवटपणाच गोल्फवाल्यांना हवा असतो.

अडचण एवढीच की थंडीत ही झोपी जाते आणि तपकिरी पडते. कडाक्याच्या रात्री ग्रीनवर आच्छादन घालावं लागतं. पण उन्हाळाभर औषधपाणी करण्यापेक्षा चार थंडीच्या रात्री सांभाळणं सोपं.

सरावाची जागा म्हणजे दुय्यम जागा नाही

पाइनहर्स्टचा दुसरा धडा सरावाच्या जागेचा आहे. सुरुवातीच्या काळात गोल्फमध्ये वेगळा सराव करायची पद्धतच फारशी नव्हती. यायचं, खेळायचं, घरी जायचं. पाइनहर्स्टने १९१३ च्या सुमारास फक्त सरावासाठी वेगळी जागा ठेवली. अमेरिकेतल्या अगदी पहिल्या सराव मैदानांत तिचं नाव घेतलं जातं. नाव पडलं ‘मेनिॲक हिल’, म्हणजे वेड्यांची टेकडी. एकाच जागी उभं राहून तासन् तास चेंडू मारणारा माणूस वेडाच असणार, अशी तेव्हाची समजूत.

आज हीच जागा कुठल्याही क्लबमध्ये सगळ्यात जास्त झिजते. लोखंडी क्लबने मारलेला प्रत्येक फटका मातीसकट गवताची एक ढलपी उडवतो. मैदानात ही झीज अठरा होलवर वाटली जाते. सरावाच्या जागी मात्र शेकडो माणसं त्याच पट्ट्यावर हजारो फटके मारतात.

म्हणून तिथले कर्मचारी दोरी बांधून उभं राहायची जागा सारखी सरकवत राहतात. आज पुढचा पट्टा, उद्या त्याच्या मागचा. वापरलेल्या पट्ट्यात वाळू नि बियांचं मिश्रण भरायचं आणि तो भरून येईपर्यंत तिथं कुणाला उभं करायचं नाही. जागा मोठी असेल तर प्रत्येक पट्ट्याला जास्त दिवस विश्रांती मिळते. म्हणूनच क्लब सुधारणेचा पैसा काढतात तेव्हा सरावाची जागा रुंद करणं हे काम बऱ्याचदा यादीत वर असतं.

यात खेळाडूंनाही हातभार लावता येतो. प्रत्येक चेंडू आधीच्या खड्ड्याच्या लगेच मागे ठेवून एका सरळ रेषेत मारत गेलं की एक लांब अरुंद चीर तयार होते. दोन्ही बाजूचं गवत ती चीर पटकन भरून काढतं. इकडून तिकडून मारलं की मोठं भगदाड पडतं आणि ते भरायला कितीतरी जास्त वेळ जातो.

सराव ग्रीनचं गणित आणखी वेगळं. त्याचा वेग मुख्य मैदानाइतकाच ठेवावा लागतो. नाहीतर माणूस सरावात एका अंदाजाने मारतो आणि मैदानात गेल्यावर चेंडू दहा फूट पुढं जातो.

पाइनहर्स्टने हा विचारही पुढं नेला. २०१२ मध्ये त्यांनी ‘थिसल डू’ नावाचा फक्त पटिंगचा कोर्स सुरू केला. शंभर वर्षांपूर्वी गावातल्या एका श्रीमंत गृहस्थाने आपल्या बागेत छोटा गोल्फ कोर्स केला होता, त्याचं हे नाव. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘एवढं पुरे’ या अर्थाच्या शब्दांसारखा होतो. २०१७ मध्ये ‘द क्रेडल’ हा नऊ होलचा छोटा कोर्स आला. आखणी गिल हॅन्स यांची, ज्यांनी रिओ ऑलिंपिकचा गोल्फ कोर्स केला होता. क्रेडलमधला सगळ्यात मोठा होलही १३० यार्डांच्या आत. नवशिके, लहान मुलं, आजीआजोबा, सगळे तिथं तासा-दीड तासात खेळून होतात. चार-साडेचार तास आणि भलंमोठं मैदान लागणाऱ्या खेळाला ही कमी जागेतली, कमी पाण्यातली वाट सापडली.

यातून घ्यायचं काय?

मैदानावरच्या पाण्याचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले होते. तेव्हा वाद दोनच टोकांचा झाला. एक बाजू म्हणे खेळ बंद करा, दुसरी म्हणे पाणी तर लागणारच.

पाइनहर्स्टने तिसरा प्रश्न विचारला. पाणी नेमकं कुठं लागतं? ग्रीनला लागतं, फेअरवेच्या मध्याला लागतं. चेंडू चुकून जिथं जातो त्या कडेला ते कशाला? तिथं जे आपोआप उगवतं ते उगवू द्या.

अर्थात सँडहिल्सची वाळू सगळीकडं नसते. काळ्या मातीत किंवा कोकणच्या पावसात हेच जसंच्या तसं करायला गेलं तर फसेल. पण हिशोब मांडायची पद्धत कुठंही चालते.

तपकिरी कडा दाखवल्या म्हणून पाइनहर्स्टचा मान कमी झाला का? अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने नंबर टूला यूएस ओपनचं कायमचं घर ठरवलंय. २०२९, २०३५, २०४१ आणि २०४७ च्या स्पर्धा आत्ताच तिथं ठरलेल्या आहेत.